पाकीट कामावर असताना

नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा गोठला तेव्हा मी राइस कुकरच्या माहितीपुस्तिकेत 'झाकण उघडण्यापूर्वी' एवढं लिहिलं होतं. उघडण्यापूर्वी काय करायचं ते लिहायच्या आत पडदा दगड झाला, आणि मिनिटभराने कॉम्प्युटर आपणहून बंद पडला. अशा पुस्तिका लिहिणं हाच माझा धंदा. त्या कोणी वाचत नाही, त्यामुळे मला घाई नव्हती. घाई दादाला होती.

कॉम्प्युटर दादाने जोडला होता. दादा, म्हणजे क्वो-तुंग, सव्वीस वर्षं मदरबोर्डच्या कारखान्यात तपासणीला होता. त्याच्या हाताखालून गेलेले बोर्ड जगभर चालत असतील. कारखाना यंदा व्हिएतनामला गेला. दादा इथे, आमच्या चुंगहो शहरातच राहिला. आता त्याला आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे आम्ही स्कूटरी लावतो तिथे, दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. माझा कॉम्प्युटर हे त्या दुकानाचं पहिलं काम.

सू-छिन वहिनीचा बेत वेगळा होता. मागच्या गल्लीतल्या बारा मजली इमारतीत तिने नवऱ्यासाठी पहारेकऱ्याची जागा धरून ठेवली होती. टेबलामागे बसायचं, पार्सलं घ्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला मान डोलवायची. आमच्या वयाचे निम्मे पुरुष शेवटी त्या टेबलामागेच जातात.

"रविवारपर्यंत हा डबा न थांबता चालला, तर मी स्वतः स्कूटरी बाहेर काढीन," वहिनी म्हणाली. "नाही चालला तर सोमवारी टोपी घालायची. पहिलंच गिऱ्हाईक सख्खा भाऊ, आणि त्याचाच कॉम्प्युटर बसल्या जागी मरतो. दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार आहेस? मला बहीणसुद्धा नाही."

"यंत्राला तारखा देऊ नयेत," दादा म्हणाला.

"यंत्राला नाही देत. तुला देतेय."

तो मंगळवार होता.

दादाने वही काढली. कारखान्यात असतानाची सवय. दोष कितीही फालतू असो, आधी वेळ लिहायची. मग त्याने कॉम्प्युटरवरचं हिरवं पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं.

आमच्याकडे यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवतात. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, ज्यांच्या भिंतीवर तीन-तीन पदव्या टांगलेल्या आहेत तेही ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत. त्यावरची तारीख उलटलेली नको. आणि कामावर असलेलं पाकीट फोडून खायचं नाही. तसं करणाऱ्याचं काय होतं हे कोणी सांगत नाही, कारण तसं कोणी करत नाही. मी पदवीधर आहे. माझा यावर विश्वास नाही. मी फक्त पाकीट काढत नाही.

दादाचा नियम याहून कडक होता. तपासणी चालू असताना पाकीट यंत्रावर असता कामा नये. "पाकिटाच्या पुण्याईवर पास झालेला बोर्ड पास नसतो," असं तो नव्या पोरांना सव्वीस वर्षं सांगत आला होता. आधी यंत्राने स्वतःच्या हिमतीवर चालून दाखवायचं, मग पाकीट.

त्याप्रमाणे त्याने पेटीची बाजू उघडली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, आणि चार तास कॉम्प्युटरला राबवलं. चालला. तापमान बघितलं, ठीक. वहीत 'पास' लिहिलं, पेटी बंद केली, पाकीट दोन्ही हातांनी परत वर ठेवलं. मी कुकरकडे वळलो. चाळीस मिनिटांत पडदा पुन्हा दगड.

बुधवारी त्याने जुन्या मित्राकडून दुसरा पॉवर सप्लाय आणला. पेटी उघडी असेतोवर कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. जेवणानंतर मेला. गुरुवारी प्रोसेसरवरचा पंखा उतरवून खालचा लेप पुसून नवा लावला, भिंतीतली वायरसुद्धा तपासली, आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, "तू काही करतोस का रे याला?"

"मी टाइप करतो."

"जोरात?"

त्या संध्याकाळी त्याने पाकिटावरची तारीख बघितली. आठ महिने बाकी होते. तरी तो खाली जाऊन नवं पाकीट घेऊन आला. जुनं काढायला मन होईना, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली. शुक्रवारी कॉम्प्युटर वीस मिनिटांत गेला. शनिवारी पाकिटं तीन झाली. पेटी लहानशीच होती. वरची जाळी आता कुठूनही दिसत नव्हती. कॉम्प्युटर आता नऊ मिनिटं टिकत होता.

"वाढतंय," दादा वहीकडे बघत म्हणाला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मी उपाय करतोय तसं वाढतंय. वन-पिन, खरं सांग. मी म्हातारा झालोय का?"

"छप्पन्न म्हणजे काही—"

"झालोय."

पेटीतला भाग न् भाग दोनदा बदलून झाला होता. बदलायचे राहिलो होतो फक्त आम्ही दोघं.

रविवारी दुपारी वहिनी वर आली ती पहारेकऱ्याची टोपी घेऊनच. सकाळपासून बाजार, मग आईचं इस्पितळ, मग त्या इमारतीच्या मॅनेजरशी बोलणं. तिच्या पोटात काही नव्हतं. दादाने तपासणी नुकतीच संपवली होती. सहा तास, पास. पेटी बंद, तिन्ही पाकिटं वर. आम्ही दोघं खुर्च्या ओढून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे पडद्यासमोर बसलो होतो. आठव्या मिनिटाला तो गोठला. मग गेला.

वहिनीने टोपी टेबलावर ठेवली, अगदी हळू. टोमणासुद्धा मारला नाही. ते जास्त लागलं. मग हात लांब करून मधलं पाकीट उचललं आणि टर्रकन फाडलं.

"अगं!" दादा ओरडला.

"वहिनी, ते कामावर आहे!" मीही ओरडलो. पदवीधर असून.

"मग काम नीट करायचं होतं," ती खात म्हणाली. दोन घास गेल्यावर चावणं थांबलं. "हे गरम का आहे?"

"काय?"

"गरम. कढईतून काढल्यासारखं."

दादा उठला. त्याने उरलेली दोन पाकिटं उचलली आणि या वेळी एकाच हाताने उचलली. जाळीवर तळवा धरला. लगेच काढून घेतला. आतले पंखे सगळी गरम हवा त्याच जाळीतून वर फेकत होते, आणि सहा दिवस आम्ही तिच्यावर एकेक उशी रचत होतो.

"कारखान्यातल्या यंत्रांची हवा मागून बाहेर जायची," तो हळूच म्हणाला. "पाकीट वर असायचं."

"आणि तपासताना?" मी विचारलं.

"तपासताना मी काढायचो ना."

कॉम्प्युटर संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी चालत होता. रात्रीच्या जेवणालाही चालत होता. दादा तिथून हलला नाही. कॉम्प्युटर चालतोय म्हणून त्याला आनंद झाला असावा, पण चेहऱ्यावर तो पोचला नव्हता. वहीत त्याने वेळ लिहिली, आणि 'दोष कुठे' या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी लिहिलं: 'तपासनीस'.

वहिनीने ते खांद्यावरून वाचलं. खाली गेली. लोखंडी शटर वर गेल्याचा आवाज आला, मग एक स्कूटर बाहेर ढकलल्याचा, मग दुसरी. तिसरी माझी होती.

"उद्या टोपी तूच परत करून ये!" ती खालून ओरडली. "आणि ते पाकीट मी संपवलंय!"

दादाने एक नवं हिरवं पाकीट टेबलावर ठेवलं, कॉम्प्युटरपासून चांगलं वीतभर लांब. मी खुर्ची पुढे ओढली आणि सहा दिवस लोंबकळत राहिलेलं वाक्य पुरं केलं: 'झाकण उघडण्यापूर्वी वर काही ठेवलेले नाही ना, ते पाहावे.' कोणी वाचणार नाही.