जाताना चार तास

ताई बाळाची पिशवी भरत होत्या. दोन डायपर, एक बाटली दूध, एक झबलं.

"बास! येताना अठरा तास काढले तुमच्यापायी. जाताना काय, चारच. दहाला बसायचं, दोनला उतरायचं."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. सासरहून आमच्याकडे परदेशी येताना त्या रात्री आठला निघाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उतरल्या. वाटभर मायलेक गाढ झोपलेली, त्यामुळे अठरावर शंका यायचं कारणच नव्हतं. खरं तर दोन्हीकडून अंतर तेच आणि तास अकराच. फरक घड्याळांचा, आमचं सासरच्यापेक्षा सात तास पुढे. निघायची वेळ सांगतात ती इथली, पोचायची तिथली.

नवरा म्हणाला, "ताई, अगं ते चार नाहीत..."

"तू गप्प बस. मला शिकवतोय! जाताना विमान उताराला लागतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी असं पाहिलं त्याच्याकडे, की तो मुकाट्यानं लेकीचे मोजे शोधायला गेला.

"खरंय ताई," मी म्हणाले. "उताराला काय वेळ लागतो?"

गेल्या वर्षी याच विमानानं मी सासरी गेले होते. लेक सहा महिन्यांची. दात येत होते बिचारीला. तिच्या इवल्या तळव्यांवर ओठ टेकवत, गुणगुणत मी अकरा तास काढले. दारात पोचलो तेव्हा तिचा घसा बसला होता. ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चार तासांत पोरीची ही दशा? जमत नव्हतं तर आई कशाला झालीस?" मी अकरा म्हणाले, तर सासूबाई हसल्या. "लागली थापा मारायला."

तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

ताई आंघोळीला गेल्या. बाळ गादीवर पाय नाचवत होतं. मी वाकले तर माझं बोट मुठीत धरून बसलं, सोडेचना. यानं माझं काय घोडं मारलं होतं? दुधाच्या पावडरीचा डबा, डायपरची चळत, मऊ दुपटं, सगळं मी पिशवीच्या तळाशी घातलं. ताईंसाठी मात्र एक शब्दही घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले तशी मी चहा टाकला. आता त्या बाळाला टोपी घालून उतरायच्या तयारीत असतील. आता विचारतील, "अहो, आलं ना?" आणि कुणीतरी गोड हसून सांगेल. लेक झोपली होती. कित्येक महिन्यांनी चहा गरम असताना प्यायले.

फोन रात्री आला. मागे बाळाचा हुंकार, सासूबाईंची लगबग.

"तो डबा तू ठेवलास?"

"हो. पोटभर प्यायला ना तो?"

"प्यायला. पण रडला गं... फार रडला." ताईंचाच घसा बसला होता. "तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. गेल्या वर्षी."

पलीकडून हळूच, "अकरा तास होते गं."

"मला काय सांगता, ताई? आईंना सांगा. मी फोन धरून आहे."