धुण्याचा दगड हद्दीचा झाला

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. आज माझ्या अंगावर पांढरा रंग आहे, आकडा कोरलेला आहे आणि दोन्ही बाजूंना काटेरी तार आहे. पण मूळचा मी धुण्याचा दगड. पाथरवटाने मला विहिरीकाठी बसवले ते दोन सख्ख्या जावांसाठी. थोरलीचे घर विहिरीच्या अलीकडे, धाकटीचे पलीकडे. दोघी माझ्यावर कपडे आपटत आणि नवऱ्यांची उणीदुणी काढत. कपडे स्वच्छ निघत, नवरे मात्र होते तसेच राहत!

आमचा मुलूख भांडणाचा. आधी एका राजाचा होता, लढाईनंतर दुसऱ्याचा झाला, मग तहात त्याचे दोन तुकडे ठरले. मोजणीवाले आले. त्यांनी हद्द गावाबाहेरच्या बांधावरून आखली, त्यामुळे दोन्ही घरे आणि विहीर एकाच देशात राहिली. पण त्यांना एक दगड कमी पडला. मग मला उचलून बांधावर रोवले, रंगवले, आकडा कोरला. शिपाई मला सलाम ठोकू लागले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले.

इकडे धुण्याचे हाल होऊ लागले. एके दुपारी थोरली दिराला घेऊन बांधावर आली.

"वहिनी, सरकारी दगड आहे तो," दीर कचरत म्हणाला.

"असू दे! सरकार येतंय का आपलं धुणं धुवायला? लाव पहार."

लोटत लोटत त्यांनी मला विहिरीवर परत आणले. धाकटीला इतका आनंद झाला की ती माझ्यावर बसलीच.

पुढे पुन्हा लढाई, पुन्हा तह. ठरले असे की हद्द जुनीच राहील, पण आता तिच्यावर तार घालायची. दोन्हीकडचे अधिकारी माझा आकडा शोधत विहिरीवर आले. दगड इथे, म्हणजे हद्द इथेच.

थोरली धावत आली. "साहेब, दगड मी हलवलाय हो. खरी हद्द तिकडे बांधावर आहे. मला काय ती शिक्षा करा, पण तार इथून नका नेऊ."

"बाई, दोन्ही देशांच्या सह्या झाल्यात. आता माझ्या हातात काही नाही," अधिकारी म्हणाला आणि त्याने खांब ठोकायला सांगितले.

तिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो धोंडा मी होतो. याचे मला आजही फार वाईट वाटते.

विहीर धाकटीच्या देशात गेली. थोरली लांब ओढ्यावर जाऊ लागली. सुरुवातीला दोघी तारेआडून बोलत, मग पहारेकऱ्यांनी तेही बंद केले. थोरली वारली तेव्हा धाकटीने पलीकडे जायची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत सगळे आटोपले होते. तारेतून हात घालून ती माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. जावेचे दार अगदी समोर होते.

हल्ली शाळांच्या सहली येतात. गुरुजी सांगतात, "मुलांनो, ही सीमा पूर्वापार इथेच आहे." मुले मान डोलावतात.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणावर नकाशावर रेघ ओढायची वेळ आली, तर आधी गावात जा आणि तिथल्या बायकांना विचारा. दगडाला विचारू नका. आम्हाला कुणीही कुठेही नेऊन ठेवते.