अनोळखी शब्दांच्या पाट्या

आमच्या आत्याच्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचा नेहमीचा तक्ता कधीच नव्हता. "तो सगळ्यांना तोंडपाठ असतो," ती म्हणायची. "ओळखीचं अक्षर माणूस वाचत नाही, अंदाजपंचे ठोकून देतो." म्हणून तिच्या भिंतीवर इंग्रजीतले असे शब्द लागायचे, जे कुणाच्या बापाने ऐकले नसतील. ते शोधायचं काम माझं. जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन मी काउंटरमागे बसायचे, सापडलेला शब्द काळ्या शाईने पुठ्ठ्यावर काढायचे आणि ज्या क्रमाने सापडला त्याच क्रमाने कडीत ओवायचे. महिना संपला की नवी जुडी.

गिऱ्हाइकांची त्रेधातिरपीट बघण्यासारखी असे. एका वकिलांच्या वाट्याला 'सिथुरिझम' आला. पानांतून जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाला तसं म्हणतात. इंग्रजीत त्यातलं पहिलं अक्षर 'पी', पण ते उच्चारात येतच नाही, नुसतं घरजावयासारखं बसून असतं. वकीलसाहेब त्या अक्षराशी इतका वेळ भांडले की शेवटी आत्याने त्यांना पाणी दिलं.

मला मात्र त्या शब्दांचं वेड लागलं होतं. थंडीतल्या उन्हाच्या उबेला 'ॲप्रिसिटी' असा वेगळा शब्द आहे हे कळलं, त्या दिवशी मी ऊन पाठीवर घेत दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले. गिऱ्हाइकं आली तशी परत गेली. आत्याने माझी चांगलीच हजेरी घेतली.

शब्द सांगायला हक्काचं माणूस एकच, बाबा. ते खाडीवरची उतारूंची लाँच चालवायचे. संध्याकाळच्या फेरीला मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसे. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होई, काठ विरघळून जात, आणि लाँच चालते आहे की नुसती तरंगते आहे ते कळेनासं होई. त्या घरघरीत मी म्हणायचे, "आजचा शब्द ब्रॉन्टाइड. लांबवर ढग गुरगुरल्यासारखा आवाज." बाबा सुकाणू न सोडता शब्द तोंडात घोळवत राहत. मग म्हणत, "अक्षरं सांग." मी एकेक अक्षर सांगे, ते मागून म्हणत. माझं वेड बापालाही लागलं म्हणून मी अगदी सुखात होते.

लाँच चालवणाऱ्याला दरवर्षी नजरेचा दाखला लागतो. बाबा तो आत्याकडूनच घेत. त्या सकाळी ते खुर्चीत ताठ बसले. आत्या भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, एका हातात भिंगांची चौकट, दुसऱ्या हातात पाट्या पालटायची दोरी. पाट्यांचा क्रम तिला पाठ होता. बाबा धडाधड अक्षरं म्हणत गेले. भल्याभल्यांची दांडी गुल करणारी बारीक अक्षरंसुद्धा.

"दादा, घारीची नजर आहे तुझी!" आत्या खूश झाली आणि तिने पुन्हा दोरी ओढली.

दमट हवेने पुठ्ठे एकमेकांना चिकटले होते. पाटी पालटलीच नाही. भिंतीवर अजून ब्रॉन्टाइडच होता, आणि बाबा न अडखळता पुढच्या शब्दाची अक्षरं म्हणत होते. 'मूनग्लेड'ची. पाण्यावर चांदण्याने काढलेली वाट.

आत्याने काही पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर बाबांचा दाखला झाला असता.

"आत्या," मी म्हटलं, "पाटी पालटली नाही."

तिने मागे वळून पाहिलं, मग भावाकडे. भिंगांची चौकट तिने सावकाश टेबलावर ठेवली.

"समोर काय आहे, बाबा?" मी विचारलं.

"पांढरं आहे काहीतरी." ते थांबले. "दिसणं हळूहळू गेलं गं. आधी शब्द आवडायचे म्हणून पाठ झाले, खरंच. मग वाटलं, पाठ आहेतच तर..."

"आणि लाँच?"

"खाडी मला पाठ आहे. डोळे बांधले तरी नेईन."

मला संताप आला आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीवही तुटला. "समोरून एखादी होडी आली तर? तीही पाठ आहे?"

आत्याने कोरा दाखला खणात सारला. "बहीण म्हणून सही केलीही असती रे दादा," ती म्हणाली, "पण त्या लाँचने मीही जाते."

मोठ्या इस्पितळात म्हणाले, आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. लाँच दुसऱ्याच्या हाती गेली. बाबा घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मग एका संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "चल, पलीकडे जाऊन येऊ."

उतारूंच्या बाकावर त्यांना बसवत नव्हतं. हातांचं काय करावं तेच सुचत नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सुरुवात केली, "आजचा शब्द..."

"शब्द नको," बाबा म्हणाले. "काय दिसतंय ते सांग."

मी सांगू लागले. पाणी राखाडी झालंय. पलीकडे कुणीतरी दिवा लावलाय. खांबावर एक पक्षी बसलाय. नव्या माणसाने वळण जरा लवकर घेतलंय.

"ते कळलं मला," बाबा म्हणाले. "पुढे."

"होडी येतेय समोरून. अगदी जवळ आली."

त्यांनी माझं मनगट धरलं. आमच्या लाँचने भोंगा दिला, बाजू दिली, आणि होडी हातभर अंतरावरून वल्ही मारत निघून गेली.

"कोण होतं गं?"

"दोन बायका. एकीच्या मांडीवर तान्हं मूल."

बाबांनी मनगट सोडलं नाही. मग म्हणाले, "मला दिसलीच नाही."