हजार कोंबड्यांमधला सायलेन्सर

मित्रांनो, नवी गाडी दारात आली की तुम्ही तिचा रंग बघता, काचा वरखाली करता, हॉर्न वाजवून बघता. वाकून तिच्या पोटाखाली मात्र कुणी बघत नाही. तिथे मी असतो. टर्बो इंजिनाच्या एका गाडीचा मी सायलेन्सर. कारखान्यातून गाडीबरोबरच आलेला, आता बऱ्यापैकी जुना आणि थोडा गंजलेला. दिसायला मी नुसती वाकडीतिकडी नळी आहे. पण माझ्या एकेका वाकणापायी कुणीतरी डोकं शिणवलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण माझी सगळी कथा त्याच्यापासूनच सुरू होते. इंजिनातून निघालेला तापलेला धूर माझ्याकडे येण्याआधी एक छोटं चाक गरागरा फिरवतो. ते चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं आणि गाडीला जोर येतो. मग तो धूर माझ्या हवाली होतो. मी त्याला जाळीतून नेतो, त्यातलं विष कमी करतो आणि माझ्या पोटातल्या कप्प्यांमधून फिरवून त्याचा आवाज जिरवतो. मला घडवणाऱ्यांनी महिनोन्‌महिने कान लावून माझी परीक्षा घेतली. खड्ड्यात आपटू नये म्हणून मला वर उचललं, वरचा पत्रा तापू नये म्हणून मधे ढाल बसवली. माझ्या आवाजाचं कौतुक कधी कुणी केलं नाही. करणार कसं? माझं काम नीट झालं की आवाज उरतच नाही.

आमची गाडी घेतली देवळाली प्रवराच्या सुनीलने. राहुरीत त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मनाने चांगला, पण गाडी म्हटलं की त्याचा जीव वरखाली होतो. घरात त्याची बायको निकिता आणि आई चांगुणाबाई. चांगुणाबाईंना अजिबात ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल, पण नजर घारीची. निकिताने कृषी विद्यापीठात जाऊन कोंबडीपालनाचं शिक्षण घेतलं आणि घराशेजारी शेड उभारली. हजार कोंबड्या, रोज अंड्यांचे तीस ट्रे. घरच्यांना राजी करायला तिला पुरतं वर्ष लागलं होतं, त्यामुळे शेड चालली पाहिजे, ही तिची जिद्द होती.

तर एके दिवशी सुनीलने मोबाईलवर कुणाची तरी गुरगुरणारी गाडी पाहिली आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तो तडक नगरला एमआयडीसीत राधाकृष्ण मिस्त्रीकडे गेला. राधाकृष्णने मला खालून टकटक वाजवलं.

"टर्बोच्या गाडीला ह्यो बारीक पाइप म्हंजी नाक दाबून पळवल्यावानी हाय," तो म्हणाला. "चाकाच्या म्होरं रस्ता मोकळा पायजे. मोठा पाइप टाकू, आतले डबे काढू. मग बगा कशी पळती."

खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रस्ता मोकळा असला की ते चाक लवकर वेग घेतं आणि गाडी खरंच जोरात सुटते. मी अरुंद आहे, मान्य. पण धूर, आवाज, पाऊस, खड्डे, सगळ्यांशी जुळवून घेता घेता मी तसा झालो. नवा पाइप एकट्या इंजिनासाठी बनला होता. मनगटाएवढा जाड, चकचकीत आणि आतून पोकळ. मला राग आला नाही असं नाही.

"ह्यो जुना भंगारात देऊ नका बरं का," राधाकृष्णने मला खाली ठेवताना बजावलं. "पासिंगच्या टायमाला लागतोय. तेवढ्यापुरता चढवायचा, परत काढायचा."

हौशी गाडीवाल्यांची ही रीतच आहे. तपासणीला जाताना आम्ही, एरवी ते. सुनीलने मला घरी आणून निकिताच्या शेडमध्ये भिंतीला तारेने आडवं टांगलं. दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांनी मला बसायची दांडी ठरवून टाकलं. आयुष्यभर शेकडो अंशांचा धूर पचवलेला मी, आणि माझ्या पाठीवर ओळीने सात कोंबड्या! पहिले दोन दिवस मला फार अपमान वाटला. मग आवडायला लागलं. त्यांची पोटं उबदार असतात.

गंमत इथेच संपली. नव्या पाइपचा आवाज पार पाटाच्या पुलावरून ऐकू यायचा, आणि सुनीलने पाय उचलला की फाट्‌ फाट्‌ बार उडायचे. त्याच्या येण्याला वेळकाळ नव्हता. आवाज आला की निकिता हातातलं काम टाकून फाटक उघडायला बाहेर जायची. तिची पाठ वळली आणि गाडी जवळ आली की इकडे आत पळापळ सुरू व्हायची. हजार कोंबड्या एका कोपऱ्यात घुसायच्या, एकमेकींच्या अंगावर चढायच्या, खालच्या गुदमरायच्या. गाडी बंद झाली की हळूहळू पांगायच्या. निकिता परत येईपर्यंत सगळं शांत.

अंडी तीस ट्रेवरून पंचवीसवर आली, मग अठरावर. कवचं पातळ पडू लागली. रोज कोपऱ्यात एकदोन कोंबड्या मेलेल्या सापडायच्या. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि रोग कुठलाच नाही म्हणून सांगितलं. निकिताने खाद्य बदललं, पाण्याची टाकी घासली, रात्रीचा दिवा बदलला. ती माझ्या खाली बादली पालथी घालून बसायची आणि वहीत पुन्हा पुन्हा बघायची. मित्रांनो, खरं कारण ठाऊक असलेला त्या शेडमध्ये मी एकटाच होतो, आणि मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

"माजंच कायतरी चुकतंय," एका सकाळी ती सुनीलला म्हणाली. "शुक्रवारी व्यापाऱ्याची गाडी बोलावते. समद्या कोंबड्या कापायला देऊन टाकू. मला न्हाई जमायचं हे."

सुनीलने तिची समजूत काढली आणि फाट्‌ फाट्‌ करत दुकानाला निघून गेला.

गुरुवारी निकिता औषध आणायला राहुरीला गेली आणि चांगुणाबाईंना शेडमध्ये बसवून गेली. त्या भिंतीला टेकून निवांत बसल्या होत्या. दुपारी पुलावरून बार उडवत गाडी आली. चांगुणाबाईंना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सगळ्या कोंबड्या कोपऱ्यात जाऊन कोसळल्या.

निकिता परतल्यावर त्यांनी दोघांना समोर उभं केलं. ऐकू येत नसल्यामुळे त्या बोलतात मोठ्यांदा.

"काय न्हाई, काय न्हाई, अन्‌ येकदम समद्या येकीवर येक! मला वाटलं साप निगाला. भाईर येऊन बगते तर ह्यो गाडीतनं उतरतोय. सुनील, जा, पुलावर जाऊन परत ये. सूनबाई, तू हितंच थांब."

सुनील गेला आणि परत आला. या वेळी निकिता फाटकाकडे गेली नाही. तिने जे पाहायचं ते पाहिलं. ती रडलीही आणि हसलीही, कारण चूक तिची नव्हती. मग तिने व्यापाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

सुनीलचा चेहरा उतरला. "मी गाडी पुलापल्याड लावून चालत येत जाईन," तो म्हणाला. तीन दिवस तो खरंच चिखल तुडवत आला. चौथ्या दिवशी त्याने माझ्या पाठीवरच्या कोंबड्या हलकेच उठवल्या, मला गाडीत घातलं आणि नगरला नेलं.

"पासिंग आलं का?" राधाकृष्णने विचारलं.

"न्हाई. कोंबड्या हायेत," सुनील म्हणाला.

"मग परत कवा काढायचा ह्यो?"

"आता काढायचा न्हाई."

राधाकृष्ण हसला, पण त्याने माझे नट मन लावून आवळले आणि माझी जाळीही साफ करून बसवली.

घरी आल्यावर सुनीलने फाटकाशी गाडी बंद केली, किल्ली निकिताच्या हातात दिली आणि स्वतः शेडमध्ये जाऊन कोंबड्यांच्या मधोमध उभा राहिला. मी गाडीखाली होतो. आतलं मला दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"अगं, कर की चालू."

"कवाची केलीय," निकिता म्हणाली. "आता बंद करू का?"

आतून दाणे टिपल्याचा टकटक आवाज तेवढा येत होता, आणि मी चालू असतानाही तो मला स्पष्ट ऐकू येत होता. मग सुनील जे हसत सुटला ते बराच वेळ.

मित्रांनो, मोठा पाइप वाईट आणि मी तेवढा चांगला, असं मी म्हणत नाही. जोर हवा असेल तर तो त्याच्याकडे आहे. मला काढायचं असेल तर खुशाल काढा. फक्त आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, ज्यांना बोलता येत नाही त्यांनासुद्धा.