ग्रिस्गिल नावाची हरकत

अँब्रोज ग्रिस्गिलच्या तोंडून त्याच्या घराण्याची कथा ऐकली नाही असा माणूस यॉर्कशायरच्या त्या खेड्यात शोधून सापडला नसता. मूळ पुरुष म्हणे राजाच्या घोडदळातला सरदार. खरं तर गावाबाहेरच्या घळीत पूर्वी डुकरं राखायचे, त्या घळीला ग्रिस्गिल, म्हणजे डुक्करघळ, म्हणायचे, आणि राखणाऱ्यांनाही तेच नाव चिकटलं. हे गावाला पक्कं ठाऊक होतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

त्याचं दुखणं वेगळंच होतं. साऱ्या इंग्लंडात आता ग्रिस्गिल उरले होते दोनच. एक अँब्रोज, बिनलग्नाचा. दुसरी त्याची पुतणी टॅम्झिन, आणि ती कार्टी लग्न करून स्मिथ व्हायला निघालेली. त्या देशात खडा भिरकावला तरी तो एखाद्या स्मिथलाच लागतो. अँब्रोजला घास गोड लागेना.

लग्न ठरलं की तिथे तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का म्हणून विचारतात. कोणाची कधी नसते. लोक तेवढ्यात पुढच्या गीताचं पान काढून ठेवतात. त्या रविवारी मात्र पाद्रीबाईंनी विचारलं आणि अँब्रोज काठी टेकत उभा राहिला.

"माझी आहे," तो म्हणाला.

टॅम्झिनने कपाळावर हात मारला. शेजारी कॉलिन स्मिथ पांढराफटक पडला. पाद्रीबाईंवर असा प्रसंग कधी आला नव्हता. त्या चाचरत म्हणाल्या, "मुलाचं आधी कुठे लग्न झालंय का?"

"छे हो, पोरगा चांगला आहे. पण ही स्मिथ झाली की आमचं नाव बुडालं."

"काका, बसा ना खाली," टॅम्झिन रडकुंडीला आली. "मला व्हायचंय स्मिथ. शाळेत सगळे मला डुक्करघळ म्हणायचे."

"आपण सरदाराच्या कुळातले—"

"पोरीला कशाला छळतोस रे?" मागच्या बाकावरून आवाज आला. ती डॉर्कस, चर्चची फुलं लावणारी विधवा. "नावाची एवढी कळकळ होती ना? मग इतकी वर्षं दर रविवारी माझ्याकडे येऊन मटण आणि पुडिंग ओरपतोस, कधी खाण्याशिवाय तोंड उघडलंस?"

अँब्रोजचे कान लालबुंद झाले. हे त्याला खरंच कधी सुचलं नव्हतं.

"तुला... चालेल हे नाव?"

"डुक्करघळ तर डुक्करघळ. पण ते सरदाराचं पुराण माझ्या घरात नको."

सरदार अँब्रोजचा फार लाडका होता. शेवटी त्याने रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं. नाही काढणार सरदाराचा विषय." मग हरकत मागे घेऊन तो खाली बसला.

पुढच्या रविवारी पाद्रीबाईंनी दोन जोडप्यांची नावं वाचली. चर्चमध्ये एकाच दिवशी दोनदा ग्रिस्गिल ऐकून म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. मग त्यांनी हरकतीचं विचारलं, आणि अख्ख्या चर्चने वळून अँब्रोजकडे पाहिलं. डॉर्कसने त्याची काठी आधीच आपल्या बाकाखाली सरकवून ठेवली होती.