भिंतीवरचे आमचे हे

आमचे हे नट आहेत. मालिकेत वारलेल्या माणसाचा फोटो असतो ना भिंतीवर, तो ह्यांचा. हसू नका. पहिल्या मालिकेत हिरॉइनचे दिवंगत वडील म्हणून फोटो दिला आणि तो चेहरा लोकांना इतका आवडला, की तेव्हापासून ह्यांना कोणी जिवंत घेतच नाही. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. हे मालिकेमागून मालिकेत मरतात, तरी स्वर्गाचा पत्ता नाही. वर परक्या बायका ह्यांच्यापुढे उभ्या राहून ढसाढसा रडतात आणि सासूबाई टीव्ही बंद करून आत निघून जातात.

त्यामुळे चालत्याबोलत्या नवऱ्याच्या भूमिकेसाठी ऑडिशनचं बोलावणं आलं, तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं, ही शेवटची. नाही जमलं तर माझ्या भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. ह्यांना दुकानात बसवायचं म्हणजे आणखी एका भिंतीवर टांगायचं. मग मीही सोबत गेले.

खोलीत एक कॅमेरा, एक खुर्ची आणि उभं राहायला जमिनीवर चिकटपट्टीची खूण. बायकोची वाक्यं वाचणारी मुलगी आजारी, म्हणून दिग्दर्शकाने कागद माझ्याच हातात दिला. प्रसंग साधा: नोकरी गेलेल्या नवऱ्याला बायको फैलावर घेते आणि तो उलटून बोलतो. हे काय अवघड? घरी तालमी झाल्यात माझ्या.

मी वाचायला लागले आणि बघते तर काय, ह्यांची मान जराशी तिरपी, ओठांवर मंद हसू, पापणी लवेल तर शपथ. बाई समोर येऊन बोलायला लागली की गप्प हसत राहायचं, ही सवय अंगात मुरलेली. दिग्दर्शकाने पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. तो मोबाइल बघायला लागला, तसं माझं डोकं फिरलं. कागद ठेवला खाली.

"अहो, मी काय विधवा आहे का? बोला की काहीतरी."

ह्यांची पापणी लवली. हसू गेलं.

"काय बोलू? जो तो माझ्याकडे बघून रडतो, माझं ऐकतंय कोण? तूसुद्धा ताट वाढतेस आणि टीव्ही लावतेस. मी समोर बसलोय, की भिंतीवर टांगलोय, तुला तरी फरक कळतो का गं?"

हे कागदावर नव्हतं. मला फार वाईट वाटलं. कॅमेरा चालूच होता, आणि दिग्दर्शकाने मोबाइल खिशात घातला होता.

भूमिका मिळाली. निघताना त्याच्या मदतनीस बाईंनी फायलीसाठी ह्यांचा एक फोटो मागितला. माझा हात सवयीने पर्सकडे गेला, तर ह्यांनी तो धरला.

"फोटो नाही," हे म्हणाले. "हवं तर मी स्वतः येऊन बसतो."