एका कॅनचे अकरा आकडे

सातवीच्या वर्गात तिला सगळे ‘साय’ म्हणायचे, कारण तिचे बाबा दूध घालायचे. हे नाव चिडवायलाच ठेवलेलं होतं, पण तिने ते इतक्या सहज घेतलं की चिडवणाऱ्यांचीच मजा गेली. तिच्या शेजारी ‘पेन्सिल’ बसायची. उंच, काटकुळी, आणि कुणी हसवलं की बाकावर डोकं ठेवून हसणारी. पहिलीपासून दोघींचं बाक एकच होतं.

विज्ञानाचे सर हौशी होते. वस्तीतल्या शाळांना सहलीसाठी बस देणारी एक संस्था त्यांनी शोधून काढली होती. आधीच्या दोन सहलींमध्ये मुलांच्या वाट्याला अपमानच आला होता. तारांगणात त्यांना खुर्च्यांच्या मागे जमिनीवर बसवलं. संग्रहालयातून बाहेर पडताना फक्त त्यांच्याच शाळेची दप्तरं उघडून बघितली. त्या दिवशी सर बसमध्ये एक शब्द बोलले नव्हते. म्हणून गुरुवारी वर्गात येताच त्यांनी जाहीर केलं, “या वेळी नुसतं बघायचं नाही. शनिवारी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत जायचंय. प्रत्येकाने घरून बाटलीत चार बोटं दूध आणायचं. कच्चं, न तापवलेलं. आपलं दूध आपण तपासायचं.”

चार बोटं दूध म्हणजे काही घरांत सकाळचा सगळ्यांचा चहा, हे सरांच्या लक्षात आलं नाही. शनिवारी सव्वीस जणांपैकी अकराच जणांनी बाटल्या आणल्या. उरलेल्यांपैकी कुणी विसरल्याचं सांगितलं, कुणी बाटली फुटल्याचं. सरांनी दोन-चार जणांना झापलंसुद्धा.

प्रयोगशाळेच्या दारात धुण्याच्या सोड्याचा आणि आंबट दुधाचा वास होता. पांढऱ्या कोटातल्या मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“एका रांगेत. भिंतीला टेकायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. मागच्या शाळेने नळ तोडलाय.”

“मॅडम, मुलं स्वतः मोजणार असं ठरलं होतं,” सर म्हणाले.

“ते तुम्ही ठरवलं असेल. काच फुटली तर भरून कोण देणार? आणि टोप्या घाला सगळे. डोक्यात काय काय घेऊन येतात देव जाणे.”

पेन्सिलने टोपी घातली, पण तिचे कान लाल झाले होते. सायने तिचा हात दाबला.

मॅडमनी सगळ्या बाटल्या आधी पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या, म्हणजे सगळं दूध सारखं गार होईल. मग उंच काचेच्या भांड्यात एक बाटली ओतली आणि त्यात लॅक्टोमीटर सोडला. काचेचा बारीक दांडा, खाली जड फुगा, दांड्यावर आकडे. “दूध चांगलं असेल तर हा वर तरंगतो. पाणी असेल तर खाली बुडतो. अठ्ठावीसच्या खाली आला की समजायचं, पाणी आहे.” त्या वाकल्या. “बावीस.” फळ्यावर बावीस लिहिलं. “पाणी.”

मुलं हसली. दुसरी बाटली अठराची निघाली. मग पंचवीस. मग वीस. प्रत्येक आकड्याला मुलांचं हसणं कमी होत गेलं आणि कुजबुज वाढत गेली. पेन्सिलच्या बाटलीत तर दांडा असा खाली गेला की मॅडमनी भुवया उंचावल्या.

“सोळा! हे दूध आहे की दुधाची भांडी धुतलेलं पाणी? कोण घालतं तुमच्याकडे दूध?”

पंचवीस डोकी एकदम सायकडे वळली.

“हिचे बाबा,” मागून एका मुलाने सांगितलं. “आमच्या वस्तीच्या उतारावर सगळ्यांना तेच घालतात.”

“वा!” मॅडम म्हणाल्या. “मग लेकीलाच विचारा, नळ कुठला वापरतात.”

आता मुलं हसली ती वेगळीच. कुणीतरी ‘पाणीवाली’ म्हटलं. दुसऱ्याने तेच मोठ्याने म्हटलं. सर “ए, ए, शांत,” एवढंच म्हणाले आणि रुमालाने मान पुसत राहिले. मॅडम पुढच्या बाटल्या मोजतच होत्या. तेवीस, एकवीस, चोवीस. सायच्या पाठीवर काहीतरी ओलं पडलं. मोजून परत भरलेली एक बाटली कुणीतरी तिच्या वेणीवर उपडी केली होती. दूध मानेवरून आत ओघळलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला वाटत होतं, पेन्सिल आता उठेल, कुणाच्या तरी कानाखाली देईल. मागे एकदा दिलीही होती.

पेन्सिल बोलली, पण सायशीच. “माझा भाऊ हेच पितो. आठ महिन्यांचा आहे. वजन वाढत नाही म्हणून आई रडते रोज. तुझे बाबा त्याला पाणी पाजतात?”

“नाही घालत ते पाणी.”

“मग फळ्यावर काय आहे?”

सायने फळ्याकडे पाहिलं. बावीस, अठरा, पंचवीस, वीस, सोळा, तेवीस, एकवीस, चोवीस. त्याखाली आता एकोणीस आणि सव्वीस आले. ट्रेमध्ये एकच बाटली राहिली होती, तिची.

“तुझं राहू दे आता,” मॅडम हात पुसत म्हणाल्या. “जे कळायचं ते कळलं.”

“माझं मोजा.”

“ऐकलं नाहीस का?”

“सगळ्यांचं मोजलंत. माझंही मोजा.”

मॅडमनी खांदे उडवले आणि बाटली ओतली. दांडा डुलला आणि उंच उभा राहिला. एकोणतीस.

खोलीत नुसता गलका उठला. “घरी चांगलं ठेवतात! आम्हाला पाणी!” “चोर!” मघाशी गप्प असलेली मुलंही आता पुढे सरकली. ज्यांनी बाटली आणलीच नव्हती तीसुद्धा ओरडत होती. सर मध्ये आले, पण ते मुलांना आवरण्याऐवजी तिलाच म्हणाले, “अगं, कशाला हट्ट केलास?”

या वाक्याने ती चिडली. आतापर्यंत तिला रडू येत होतं, ते कुठच्या कुठे गेलं.

“सर, बाबांकडे एकच कॅन आहे,” ती म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून ती आणखी मोठ्याने बोलली. “एकच. घरचं माप त्यातूनच काढतात, मग उतारावर निघतात. दारात सगळ्यांच्या समोर त्याच कॅनमधून ओततात. पाणी त्यांनी घातलं असतं तर कॅनमध्ये घातलं असतं. मग सगळ्यांचा आकडा सारखा आला असता ना? एका कॅनचे अकरा आकडे कसे?”

मॅडमचा हात थांबला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच नीट तिच्याकडे पाहिलं.

“एकच कॅन असेल,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर फरक एखाद-दुसऱ्या आकड्याचा पडेल. दहा-बाराचा नाही. बरोबर आहे हिचं.”

सरांना त्याच क्षणी सगळं कळलं. त्यांचा चेहराच उतरला. “चला, झालं, पुरे,” ते घाईघाईने म्हणाले. “बाहेर डबे खायचेत. रांग करा.”

तिथे ती थांबू शकली असती. तिलाही कळलं होतं की पुढे काय आहे. पण मान अजून ओली होती, आणि ‘चोर’ म्हणणारे सगळे समोर उभे होते.

“मग पाणी कुणी घातलं?” तिने फळ्यावर बोट ठेवलं. “बावीस, तुझ्या आईने. अठरा, तुझ्या आईने. एकोणीस, तुझ्या.” ती एकेकाकडे बघून सांगत गेली. कुठली बाटली कुणाची, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. “आणि सोळा. सगळ्यात जास्त पाणी तुमच्या घरात आहे.”

पेन्सिल हलली नाही. अठरावाला मुलगा मात्र सरळ सायच्या अंगावर धावून आला. “माहितेय मला! रोज घालते माझी आई! आम्ही सात जण आहोत, तुला काय करायचंय?” सरांनी त्याला मागून धरलं. तो सरांच्या हातात हुंदके देत राहिला. बाकी जो तो आपल्या चपलांकडे बघत होता. मॅडमनी ओला फडका उचलला आणि फळा पुसून टाकला.

बसमध्ये तिच्या सीटवर कुणी बसलं नाही. उतरताना पेन्सिल तिच्याजवळ थांबली.

“तू गप्प बसली असतीस तर काय झालं असतं? तुझ्या बाबांना चार शिव्या पडल्या असत्या. मोठा माणूस आहे, पचवल्या असत्या त्यांनी.”

“आणि मला?”

“तुला मी घेतलं असतं सांभाळून.”

“मघाशी तर नाही घेतलंस.”

पेन्सिल दाणदाण पाय आपटत निघून गेली.

घरी बाबा मागच्या मोरीत कॅन घासत होते. सायने सगळं धडाधड सांगून टाकलं. शाबासकीची वाट बघत ती मोरीच्या दारात उभी राहिली. बाबांनी कॅन उपडा घातला, हात झटकले.

“कुणाकुणाची नावं घेतलीस?”

“सगळ्यांची. दहाही जणांची.”

“मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला?” ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “इतकी वर्षं त्या दारांत उभा राहतोय. मी वळलो की मागे पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येतो. कुणाकडे किती वेळ येतो, तेही माहीत आहे मला. तुझ्या आईला तरी सांगितलंय का कधी?”

“मग तुम्हाला चोर म्हणू द्यायचं होतं?”

बाबा तिथेच उकिडवे बसले. “ते मला नाही माहीत,” ते म्हणाले. “पण माझ्यासाठी म्हणून बोललीस, असं सांगू नकोस. आकडे सांगितलेस ते माझ्यासाठी. नावं घेतलीस ती तुझ्या रागासाठी.”

ती जेवली नाही. आईने दोनदा ताट वाढून उचललं.

दुसऱ्या दिवशी बाबा लवकर परत आले आणि कॅन अर्ध्याहून जास्त भरलेला होता. उतारावरची सात दारं उघडलीच नव्हती. पेन्सिलच्या आईने दार उघडलं होतं, पण पातेलं न आणता. “आमचं पाणी मोजायला पोरीला पाठवलं होतंत का?” एवढं विचारून तिने कडी लावून घेतली होती.

सोमवारी दोन आया शाळेत आल्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांचे आवाज चढले. सहली बंद झाल्या. पेन्सिल पहिल्या बाकावर बसायला गेली. मधल्या सुट्टीत सरांनी सायला बाहेर बोलावलं.

“तुझं बरोबर होतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “विज्ञान म्हणून अगदी बरोबर.”

“हे तिथे का नाही म्हणालात, सर? मी बोलायच्या आधी?”

सर खिडकीकडे बघू लागले. “मला सुचलं नाही गं. तुझ्याआधी मला सुचायला हवं होतं.”

तिने त्यांना माफ केलं नाही. पण ते खोटं बोलले नाहीत, हे तिच्या लक्षात राहिलं.

आठवड्याने बाबांनी तिला पहाटे उठवलं. “चप्पल घाल. आजपासून माझ्याबरोबर यायचं. माप तू घालायचंस.”

“मी नाही येणार.”

“येशील.”

बंद झालेल्या सातपैकी चार दारं उघडली. त्या बायका तिच्याकडे न बघता दूध घेऊन आत गेल्या. पेन्सिलच्या घरापाशी तिचे पाय अडखळले. बाबांनी कडी वाजवली. पेन्सिलची आई बाहेर आली, कडेवर बाळ, हातात पातेलं. या आठवड्यात दुकानातल्या पिशवीचं दूध बाळाला मानवलं नव्हतं, ते बाबांना कुणाकडून तरी कळलं होतं.

सायने माप भरून ओतलं. एक थेंब सांडला नाही. पेन्सिलची आई आत गेली नाही. उंबऱ्याशी पाण्याची कळशी होती. तिने त्यातून पेला भरला आणि सायच्या डोळ्यांत बघत तो सगळा पातेल्यात ओतला. मग दुसरा अर्धा.

“बघ,” ती म्हणाली. “नीट बघून घे. किती आला आकडा?”

सायला मान खाली घालायची होती, पण आपण मान खाली घातली तर ही बाई आणखीच अपमानित होईल असं तिला का कोण जाणे वाटलं. तिने नजर हलवली नाही.

“मला माहीत नाही, काकू,” ती म्हणाली.

“त्या दिवशी बरं माहीत होतं!”

“हो. त्या दिवशी बोलायला नको होतं.”

काकूंनी पायाने दार ढकललं. दाराच्या फटीतून आतली पेन्सिल दिसली, अर्धी वेणी घातलेली. तिने सायकडे पाहिलं आणि पाठ फिरवून दुसरी वेणी घालायला घेतली.

साय वार्षिक परीक्षेपर्यंत रोज पहाटे जात राहिली. सातपैकी पाच घरं पुन्हा दूध घेऊ लागली, दोन कायमची गेली. काकू रोज दार उघडायच्या आणि रोज तिच्यासमोरच पाणी ओतायच्या. पुढे कधीतरी त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं, आणि मग पातेलं आत नेऊन पाणी ओतायला लागल्या. आठवीत पेन्सिल दुसऱ्या तुकडीत गेली. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघीही बाजूला सरायच्या, आणि आधी कोण जाणार यावरून दोघींचाही खोळंबा व्हायचा.